रुंद तोंडाचा घडा

खळ पहाटेच शिजवावी. दोन वाट्या मैदा थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर ठेवायचा आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की खाली उतरवायची. दुकानात आम्ही त्यात चिमूटभर मोरचूद टाकतो, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. पण त्या शनिवारी ती खळ बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती जायची होती आणि मोरचूद विषारी, म्हणून तो डबा मी फळीवरून काढलाच नाही. ही काळजी मी सगळ्या मुलांसाठी सारखीच घेतली होती. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात मी इतका बरा दिसणार नाही.

बडोद्याच्या रावपुऱ्यात आमचं बाइंडिंगचं दुकान आहे. आजोबांनी ते सुरू केलं, वडिलांनी वाढवलं आणि मी जेमतेम टिकवलं. विद्यापीठाचे प्रबंध, वकिलांच्या जाडजूड फायली, अधूनमधून दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी घरातली जीर्ण पोथी, असं आमचं काम. मुलगा सातवीत आहे. नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, त्या दिवसांत मुलांनी सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काही हातांनी करावं, असं 2020 सालीच लिहिलं गेलं. आमच्या गुजरातने त्यावर कडी केली आणि 2025 च्या जुलैपासून प्राथमिक शाळांचे शनिवारच दप्तरमुक्त केले. आता शनिवार रिकामे झाले म्हटल्यावर ते भरायला माणसं हवीत. वर्गशिक्षिका बेननी पालकांच्या ग्रुपवर एक फॉर्म टाकला. नाव, कोणाचे वाली, आणि तिसरा रकाना : ‘कोणती सेवा देऊ शकाल?’

मी लिहिलं, ‘बुकबाइंडिंग’. त्या रकान्यात आपला धंदा बसला याचा मला आनंद झाला. वीस वर्षं मी पैसे घेऊन जे केलं, ते एका शब्दासरशी सेवा होऊन बसलं.

बायकोने फॉर्म पाहिला आणि म्हणाली, “सेवा कसली? आपलाच मुलगा आहे ना त्या वर्गात? घरच्या लग्नात पंगत वाढली तर तिला कोणी सेवा म्हणत नाही.”

ती बँकेत आहे. खात्यावर नसलेली रक्कम ती जमा धरत नाही.

मी हसून विषय टाळला, पण पहाटे खळ ढवळताना तिचं वाक्य चमच्याबरोबर गोल गोल फिरत होतं. फळाची आशा न धरता कर्म करावं, हे आमच्या घरात आजोबांपासून सगळ्यांना पाठ. पण ज्याच्यासाठी कर्म करायचं तो स्वतःच्याच पोटचा असेल, तर फळ कुठलं आणि कर्म कुठलं? ममता बाजूला ठेवायची तर मी त्या शाळेत जाऊच नये. गावात दुसऱ्या शाळा काय कमी आहेत? आणि खरं सांगायचं तर मुलगा त्या शाळेत नसता, तर तो फॉर्म मी उघडूनही पाहिला नसता.

शाळेच्या दारात त्या दिवशी एक गंमत दिसली. पाठीवर दप्तर नव्हतं तरी बरीच मुलं सवयीने पुढे वाकूनच चालत होती. हातांचं काय करावं हेही त्यांना कळत नव्हतं. सातवीचे तीन वर्ग आम्ही पालकांनी वाटून घेतले होते. एका वर्गात इस्पितळात नर्स असलेल्या एक बाई पट्टी बांधायला शिकवणार होत्या, दुसऱ्यात रोपवाटिका चालवणारे एक गृहस्थ गुलाबाचं कलम, आणि माझ्या मुलाच्या वर्गात मी. कोणी कुठल्या वर्गात जायचं हे ठरवताना मी ‘माझ्या मुलाच्या वर्गात चालेल’ असं म्हणालो होतो. दुसऱ्या दोघांनीही तेच म्हटलं होतं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

बेचाळीस मुलं होती. बेचाळीस पुड्या मी आदल्या रात्री बांधल्या होत्या. प्रत्येक पुडीत चोवीस कागद, म्हणजे चार-चारांची सहा जुजं, दोन पुठ्ठे, पाठीसाठी कापडाची पट्टी, एक सुई आणि हातभर मेण लावलेला दोरा. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या कागदांचा गठ्ठा. अशी सहा जुजं घडीवर दाभणाने टोचून, एकाला एक शिवत गेलं की शहाण्णव पानांची वही उभी राहते. चांगली शिवलेली वही टेबलावर उघडी टाकली तर सपाट पडून राहते, मिटून घेत नाही. मुलांना मी सांगितलं की हीच वहीची परीक्षा.

अर्ध्या तासाने दोरे तुटायला लागले. बाजारातला सुती दोरा, त्यात मुलांचे हात. घट्ट ओढायचं म्हटलं की ती सगळा जोर लावतात. मी गाठ कशी मारायची ते दाखवत फिरत होतो. दुसऱ्या बाकावर माझा मुलगा होता आणि त्याच्या शेजारी एक चुणचुणीत मुलगी. तिचा दोरा तिसऱ्यांदा तुटला. तिने त्याच्या वहीकडे पाहिलं, वाकून नीट पाहिलं आणि मला विचारलं, “काका, एनो दोरो केम नथी तूटतो?”

तुटणार नव्हताच. तो लिननचा होता. वडिलांच्या वेळचं एक रीळ माझ्याकडे आहे, संपत आलेलं. पोथ्यांच्या कामालाच मी ते काढतो. बेचाळीस जणांना ते पुरलं नसतं हे खरं, पण ज्या एका पुडीत ते घातलं ती कोणाच्या हाती जाईल हेही मी पाहिलं होतं. पुडीच्या कोपऱ्याला बारीक घडी घालून खूण केली होती. रात्री ते करताना मनात पाप नव्हतं. काहीच नव्हतं. हात आपणहून गेला होता.

मी म्हणालो, “नशीब एकेकाचं,” आणि पुढच्या बाकाकडे वळलो. वळताना मुलाचे कान दिसले. लाल झाले होते.

घरी आल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, “बाबा, पुढच्या शनिवारी तुम्ही येऊ नका.”

मी द्रोणाचार्यांचा विचार करायला लागलो तो तेव्हा. पोथ्या बांधणाऱ्या माणसाला एक खोड असते. जे शिवायचं ते तो थोडं वाचतोही. महाभारताची आदिपर्वं माझ्या हातून बरीच गेली आहेत. त्यात द्रोण गुरू का झाले याची कथा आहे. ते गरीब होते. लहानगा अश्वत्थामा श्रीमंतांच्या पोरांना दूध पिताना पाहून रडला, तेव्हा त्या पोरांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिलं, आणि आपण दूध प्यालो म्हणून तो नाचू लागला. बापाने ते पाहिलं. ते पाहून मदत मागायला तो जुन्या मित्राच्या, द्रुपदाच्या दाराशी गेला, तिथे अपमान झाला, आणि त्या अपमानाचं ओझं घेऊन हस्तिनापूरला येऊन राजपुत्रांचा आचार्य झाला. पाण्यात कालवलेलं पीठ! शनिवारी पहाटे माझ्या पातेल्यात दुसरं काय होतं? त्या सगळ्या गुरुकुलाच्या मुळाशी एका बापाची ममता आहे. ममता नसती तर अर्जुनाला गुरूच मिळाला नसता. मग ममतेला वाईट कसं म्हणू?

पण त्याच पर्वात आणखी एक गोष्ट येते. द्रोण शिष्यांना पाणी आणायला पाठवत. इतरांना अरुंद तोंडाचे कमंडलू, अश्वत्थाम्याला रुंद तोंडाचा घडा. त्याचा लवकर भरे, तो आधी परते, आणि बाकीचे येईपर्यंत बाप त्याला जास्तीचं काही शिकवी. अर्जुनाच्या हे लक्षात आलं. त्याने वरुणास्त्राने आपला कमंडलू भरला आणि तोही अश्वत्थाम्याबरोबरच परतू लागला.

ही कथा आजवर मी अर्जुनाच्या हुशारीची म्हणून वाचत होतो. त्या रात्री ती घड्याची म्हणून वाचली. द्रोणांनी सगळ्यांदेखत मुलाला वेगळा धडा दिला नाही, वेगळं अस्त्र दिलं नाही, फक्त भांडं जरा रुंद तोंडाचं दिलं. वशिला असाच असतो. तो गुणपत्रिकेत दिसत नाही, भांड्याच्या तोंडात असतो, दोऱ्याच्या जातीत असतो, पुडीच्या कोपऱ्याला घातलेल्या घडीत असतो.

आणि त्या मुलाला मिळालं काय? युद्धाच्या शेवटी, सौप्तिक पर्वात, त्याचा हिशेब होतो. ब्रह्मशिर अस्त्र द्रोणांनी अर्जुनाला आनंदाने दिलं होतं. मुलाने हट्ट धरला म्हणून त्यालाही दिलं, पण मनाविरुद्ध. दोघांनी ते एकमेकांवर सोडलं, ऋषी मध्ये पडले. अर्जुनाने आपलं अस्त्र परत घेतलं. अश्वत्थाम्याला ते सोडता येत होतं, परत घेता येत नव्हतं, म्हणून त्याने ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवलं. रुंद घड्याने पाणी लवकर भरतं, पण आवरायला शिकवणारा अरुंद तोंडापाशी घालवलेला वेळ त्या मुलाला मिळालाच नाही. माझ्या मुलाचा दोरा एकदाही तुटला नाही, म्हणून तुटलेल्या दोऱ्याला आतल्या बाजूने गाठ कशी मारायची हे वर्गात त्या एकट्यालाच आलं नाही. शेजारच्या मुलीला ते तीन वेळा करून पक्कं झालं होतं.

मग उलट करावं का? पुढच्या वेळी सगळ्यात कच्चा दोरा आपल्या मुलाला द्यावा?

बडोद्याच्या मराठी घरांत विनोबांबद्दल एक प्रेमळ मालकी हक्क आहे, कारण त्यांचं शिक्षण इथलं. वडील इथे नोकरीला होते. 25 मार्च 1916 ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून विनोबा इथून निघाले, सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्यांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. त्यांच्या घरी गरजू विद्यार्थी राहायला असे. शिळं उरलं तर आई ते स्वतः खाई, फारच असलं तर विन्याला वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजं. मुलाने तिला चिमटा काढला की सगळ्यांना समान मानायला आम्हाला सांगतेस आणि स्वतः भेद करतेस. आईने तो लगेच कबूल केला. तिचं म्हणणं असं की तो मुलगा अतिथी म्हणून तिला देवासारखा दिसतो, आणि स्वतःच्या मुलाकडे मात्र ती अजून मुलगा म्हणूनच बघते. ज्या दिवशी त्याच्यातही देव दिसेल त्या दिवशी हा भेद उरणार नाही.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्या माऊलीचा त्यागच दिसायचा. आता तिचं ‘अजून’ दिसतं. परक्याला ताजं आणि आपल्याला शिळं, हे तिने शेवटचं उत्तर मानलं नाही. वाटेतला एक मुक्काम मानला. माझ्यासारख्याने तो मुक्काम गाठला तर त्याचंच प्रदर्शन मांडेल. मुद्दाम तुटका दोरा दिलेला मुलगाही वर्गात वेगळाच ठरतो. ‘बघा, स्वतःच्या मुलाला कसं कडक वागवतात’ ही वाहवा मला, आणि तुटका दोरा त्याला. दोन्हीकडे तो माझाच, फक्त एकदा लाडाचा आणि एकदा शोभेचा.

या गुंत्यात मला मदत झाली ती शास्त्राकडून नव्हे, दुकानातून. आमच्याकडे एक कारागीर आहे, बारा वर्षांपासून. शनिवारी मी शाळेत सेवा देत असताना दुकान तो सांभाळत होता. सोमवारी मी त्याला दोऱ्याची हकिगत सांगितली, थोडी मीठमसाला लावून, स्वतःला जरा बरं दाखवून. तो कटिंग मशीनवर प्रबंधाच्या कडा कापत होता. कापून झाल्यावर म्हणाला, “शनिवारी आमच्या छोकरीच्या शाळेतपण मेळो होता.”

त्याची मुलगी महापालिकेच्या प्राथमिक शाळेत सहावीत आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी गुजरातच्या सरकारी शाळांत जीवनकौशल्यांचा मेळा भरतो. फ्यूज बदलणं, बटण शिवणं, कुकरची रिंग बसवणं अशा गोष्टी मुलं करून बघतात. तिने बापाला बोलावलं होतं, पण त्याने सुट्टी मागितली नाही. ती मागता येते हे त्याच्या मनात आलं नाही, आणि ती द्यावी हे माझ्या. शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्यात, असं 2009 साली ठरवलं. कायद्याने दार उघडून ठेवलं हे चांगलंच. पण दारातून आत यायला ज्याला एक सकाळ मोकळी मिळते तोच येतो. माझी मोकळी सकाळ त्या माणसाच्या बांधलेल्या सकाळीतून कापून काढलेली होती. माझ्या सेवेच्या रकान्यात खरं तर त्याचं नाव हवं होतं.

म्हणजे मी स्वतःच्या मुलाला रुंद घडा दिला होता तो दोऱ्याच्या आधीच. असा बाप त्याला मिळाला, जो शनिवारी येऊ शकतो. हा घडा पुडीतून काढून टाकता येत नाही.

बडोद्यात वाढलेल्या माणसाचं बोलणं सयाजीरावांपर्यंत पोचल्याशिवाय पुरं होत नाही, त्याला माझा इलाज नाही. 1863 साली नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेला गोपाळ, म्हणजेच पुढचे सयाजीराव, 27 मे 1875 ला इथे दत्तक आला, तेव्हा तोही माझ्या मुलाएवढाच, बारा वर्षांचा होता. त्याला राज्यकारभार शिकवला तो दिवाण माधवरावांनी, इंग्रजी विद्या शिकवली ती इलियटसाहेबांनी. सगळे परके. ज्या काशीरावांचा तो मुलगा, त्यांच्या हातात त्याच्या शिक्षणातलं काहीच नव्हतं. पुढे या माणसाने 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड असे. दंड जाचक होताच, ज्याच्या घरी पोराच्या मजुरीवर चूल पेटते त्याला अधिकच. पण त्या दंडामागे एक धार्मिक म्हणावी अशी भूमिका होती : तुमचं मूल केवळ तुमचं नाही.

आणि याच गावाने त्या भूमिकेला कसा दगा दिला, तेही सांगितलं पाहिजे. सयाजीरावांनी 1913 साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. दुसऱ्याच्या मुलाला राजाने स्वतःच्या भांड्यातून पाणी दिलं. तोच विद्वान 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी परतला, तेव्हा या शहरात त्याला राहायला कोणी खोली दिली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी हुसकावलं. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. आज तिथे स्मारक आहे. आम्ही मुलांना सहलीला तिथे नेतो आणि तिथल्याच झाडाखाली डबे उघडतो. ज्या घरांनी दार उघडलं नाही त्या घरांतही आईबाप होते, आणि आपापल्या मुलांवर त्यांची माया असणारच. ममतेचं हेच भय आहे. ती क्रूर नसते. ती फक्त एका रेषेपाशी थांबते, आणि रेषेपलीकडे काय चाललंय ते तिला दिसत नाही.

मग ही ममता टाकायची कुठे? कारागिराच्या मुलीच्या शाळेत एक पद्धत आहे, त्या पद्धतीने मला वाट दाखवली. तिला ‘तिथी भोजन’ म्हणतात. गुजरातेत ही रूढ झाली आणि आता केंद्राच्या पोषण योजनेतही आली आहे. घरात कोणाचा वाढदिवस असो, लग्न असो, श्राद्ध असो, त्या तिथीला शाळेतल्या सगळ्या मुलांना जेवण द्यायचं. गेल्या वर्षी तिच्या शाळेत एका रिक्षावाल्याने मुलीच्या वाढदिवसाला शिरा दिला होता. कारागीर सांगत होता, ती वाढदिवसाची मुलगी रांगेत सगळ्यात शेवटी बसली होती, शिरा तिच्यापर्यंत येईतो निवला होता, आणि ती फार खुशीत होती.

निमित्त आपलं, पान सगळ्यांचं. त्या रिक्षावाल्याला कोणी ‘मुलीवरची माया सोड’ असं सांगितलं नाही. ती माया नसती तर शिरा शिजलाच नसता. पण वाढायला लागल्यावर तिने आपलंपरकं केलं नाही. माझी बायको घरच्या लग्नातली पंगत म्हणाली होती. तिचा मुद्दा बरोबर होता, पण पंगतीचाही एक धर्म असतो. वाढप्याला पंक्तिप्रपंच करता येत नाही. घरच्या कार्यात तर मुळीच नाही, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष वाढप्याच्या पळीकडे असतं.

पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे दोष मानला आहे, ममता नव्हे. हा फरक मला इतक्या उशिरा कळला.

एक शंका तरी उरतेच. बापाने आपल्या मुलाला वेगळं असं काही द्यायचंच नाही का? याचं उत्तर मला छांदोग्य उपनिषदात मिळालं, आणि बडोद्यात बसून ते मिळावं हे छान झालं. या गावाचं नावच वडाचं. वटोदर, वडाचं पोट. उद्दालक आरुणीने आपला मुलगा श्वेतकेतू बारा वर्षांचा झाल्यावर गुरुगृही पाठवला, दुसऱ्यांच्या हाती दिला. तो चोवीस वर्षांचा होऊन, सगळे वेद शिकून, फुगून परत आला. मग बाप शिकवायला बसला. आणि शिकवलं कसं, तर आजच्या दप्तरमुक्त शनिवारसारखं. वडाचं फळ आणायला लावलं, फोडायला लावलं, आतलं बी फोडायला लावलं. काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्यातूनच हा एवढा वड उभा आहे. पाण्यात मीठ टाकायला लावलं, सकाळी ते परत मागितलं, मग वरून, मधून, खालून चाखायला लावलं. पोथी नाही, पाटी नाही.

त्या प्रसंगातलं महावाक्य सगळ्यांना माहीत असतं. माझं लक्ष दुसरीकडे गेलं. बापाने मुलाला एकट्याला बसवून, नऊ वेळा फिरून फिरून, जे खास त्याच्यासाठी राखून ठेवलेलं ज्ञान दिलं ते कोणतं? तर तुझ्यात जे आहे तेच सगळ्यांत आहे. मुलाला वेगळं काढून सांगितलं ते हे, की तू वेगळा नाहीस. द्रोणांनी इतरांच्या पाठीमागे जे दिलं त्याने मुलगा एकटा पडला. उद्दालकाने एकांतात जे दिलं त्याने तो सगळ्यांत मिसळला. दोघेही बाप, दोघांचीही ममता तेवढीच. फरक पडला तो दिलेल्या गोष्टीत. आणि तेही उद्दालकाने मुलगा बारा वर्षं दुसऱ्यांकडे शिकून आल्यावर दिलं.

पुढच्या शनिवारच्या आधी मी बेनना फोन केला आणि म्हटलं की पालकांनी आपापल्या मुलाचा वर्ग घेऊ नये. नर्सबाई लगेच हो म्हणाल्या. त्यांच्या मुलीनेही घरी काही ऐकवलं असावं. रोपवाटिकेवाल्यांना थोडं वाईट वाटलं. कारागिराला मी शनिवारची सुट्टी दिली, पगारी. दुकानाला कुलूप लावलं. त्या दिवशी एक वकील फाइल घ्यायला येऊन परत गेले आणि फोनवर बरंच बोलले. कारागीर मुलीच्या शाळेत गेला तो काही शिकवायला नव्हे. मागच्या बाकावर बसला आणि बघत राहिला. सोमवारी म्हणाला, मुलीला फ्यूज बदलता येतो, त्याला माहीतच नव्हतं.

माझा मुलगा त्या शनिवारी नर्सबाईंकडे पट्टी बांधायला शिकला. रात्री त्याने माझ्या मनगटाला बांधून दाखवली. शेवटचं टोक कुठे खोचायचं हे मला येत नव्हतं, त्याला येत होतं. आता दोघांनाही येतं.

मी सहावीच्या वर्गात गेलो. लिननचं रीळ बरोबर नेलं आणि टेबलावर सगळ्यांसमोर ठेवलं. प्रत्येकाला पुरेल एवढा दोरा त्यात नव्हता, म्हणून प्रत्येकाला वीतभर कापून दिला, फक्त पहिल्या आणि शेवटच्या जुजाला. तिथेच ताण जास्त येतो. मधल्या जुजांना सुती दोरा. वडिलांचं रीळ तिथेच संपलं. पोथ्यांसाठी आता नवीन आणावं लागेल.

बायकोच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. मुलगा या शाळेत आठवीपर्यंत आहे. पुढच्या वर्षीनंतर शनिवारी पहाटे उठून खळ शिजवायला माझा हात वळतो का, यावर मी जे केलं त्याचं नाव ठरेल. तोवर तो रकाना कोरा असलेला बरा.

सहावीतला एक बारीकसा मुलगा सुईत दोरा ओवत होता. जीभ बाहेर, एक डोळा मिटलेला. मध्येच थांबून त्याने मला विचारलं, “काका, तमे कोना पप्पा?”

मुलाचं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, “आधी दोरा ओव, मग सांगतो.”

बऱ्याच वेळाने तो ओवला गेला. मग त्याला पहिलं जुज टोचायचं होतं, आणि विचारायचं राहून गेलं.